माझ्याजवळ नसलेलं औषध

माझ्या सासऱ्यांनी मला झाडपाल्याची विद्या दिली ती नाइलाजानं. त्यांना ती मुलांना द्यायची होती. थोरले दीर शिकून बाहेर नोकरीला लागले आणि माझ्या नवऱ्याला ट्रॅक्टरशिवाय कशातच गोडी नव्हती. रानात नेलं की तो सावली बघून झोपायचा. मग एका उन्हाळ्यात मामाजी मला म्हणाले, "सुनबाई, विळा घे अन् चाल माया मांगं."

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाला, जंगलाला लागून. घरं निम्मी गोंडांची, निम्मी इतरांची. आम्ही गोंड. सून सासऱ्यामागं रानात जाते याची गावात भरपूर चर्चा झाली. सासूबाईंनी विहिरीवर एकदाच सगळ्यांना ऐकवलं, "मायाच पोट्ट्यायले अक्कल असती तर सुनंले कायले न्या लागलं असतं?" त्यानंतर कोणी बोललं नाही.

मामाजींनी मुद्दाम उन्हाळा निवडला होता. झाडांना पानं नसतात, फुलं नसतात, नुसते खांब उभे. ते म्हणायचे, पानं पाहून कोणीही ओळखते, साल पाहून ओळख. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी. धावडा पांढरट, हात फिरवला तर गुळगुळीत. सालईच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि बोटांना धुपाचा वास राहतो. बिजा जरा खरवडला की लाल रस येतो. मी नावं पाठ करत होते, तर मामाजी चिडले. "नाव इसरलं तरी चालते. झाड इसरलं तर मानूस मरते."

याचा अर्थ मला पुढच्या पावसाळ्यात कळला. मी मोठ्या हौसेनं एक कंद उकरून आणला, रानातलं खायचं कंदमूळ समजून. मामाजींनी तो हातातून खाली पाडला, खड्डा करून पुरला आणि माझे हात राखेनं दोनदा धुवायला लावले. तो कळलावीचा होता. तिचं फूल ज्वाळेसारखं सुंदर आणि कंद जीव घेणारा. ते मला रागावले नाहीत. फक्त त्या वेलीपाशी घेऊन गेले, आणि वेल पूर्ण वाळेपर्यंत दर आठवड्याला तिच्यासमोर नेऊन उभं करत राहिले. आता मी ती वाळलेली, तुटलेली, कशीही ओळखते.

साल काढण्याआधी ते झाडाला जोहार करत. एकाच बाजूनं काढायची, चहूकडून नाही. आणि त्याच झाडाकडे पुन्हा लवकर जायचं नाही. मी हा नियम आजपर्यंत पाळला. पण आमच्या भागातला कुडा गेल्या काही वर्षांत पोत्यांनी बाहेर गेला. एक ठेकेदार माझ्याकडेही आला होता, "बाई, तुमी फक्त झाडं दाखवा." मी नाही म्हटलं, तर त्यानं दुसरं कोणी शोधलं. आता हगवणीवर द्यायला कुड्याची साल हवी असली तर मला पूर्वीपेक्षा खूप आत जावं लागतं.

मामाजी गेल्यावर मी एकटीनं बसायला लागले. आठवडी बाजारात, आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत. वैनगंगेच्या काठी देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर माझी ताडपत्री ठरलेली. तिच्यावर हिरडा, बेहडा, मुरडशेंग, गुळवेल, निरगुडी, सालईचा डिंक, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल. गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. एक जण बायको कमी बोलेल असं काही मागायचा. मी त्याला विचारलं, "तुमी जास्त आयकू शकान असं देऊ का?" तो दरवर्षी येतो, आता बायकोला घेऊन येतो. चंद्रपूरचे एक साहेब फोनवर जीभ दाखवतात आणि औषध सांगा म्हणतात. टक्कल असलेले तर इतके येतात की केस उगवण्याचं खरंच काही माहीत असतं तर माझं घर स्लॅबचं झालं असतं.

मी डॉक्टर नाही आणि कोणी म्हटलं तर मी दुरुस्त करते. अपचन, खोकला, मुका मार, सांधेदुखी, जुनी खाज, इतपत माझं काम. साप चावला, छातीत कळ आली, लेकराला झटके आले, तर मी पुडी बांधत नाही, गाडी बघायला सांगते. उपकेंद्रातल्या सिस्टरचं आणि माझं चांगलं जमतं. तिची सासू माझ्याकडून तेल नेते आणि मी माझ्या नातवंडांना तिच्याकडून लसी टोचून घेते.

हे सगळं सांगितलं, कारण आता जे सांगणार आहे त्यात माझं औषध कुठंच कामाला आलं नाही.

आमच्याच गावचे देवराव. धानाची शेती, स्वभावानं सरळ. त्यांची मुलगी प्रतिमा लहान असताना ते तिला पहिल्यांदा उचलून घेऊन आले. गुडघे दुखतात म्हणून पोर रडत होती आणि डोळे पिवळे होते. मी निरगुडीचा पाला गरम करून शेक दिला. काविळीचं पथ्य सांगितलं. दुखणं उतरलं. पण काही महिन्यांनी पुन्हा तेच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती आईबरोबर बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, पाण्यात उभी राहिली की हमखास. थंडीत आंघोळ केली की हमखास. पिवळेपणा मात्र दुखणं गेल्यावरही डोळ्यांत राहायचा, आणि तेच मला पटत नव्हतं. कावीळ येते आणि जाते. ही जातच नव्हती.

मी देवरावांना म्हटलं, "भाऊ, हे माया हातातलं नाई. सिस्टरकडे रक्त दाखवा."

"तुमच्या शेकानं तर बरी होते."

"दुखनं कमी होते. बरी होत नाई."

त्या सुमारास शाळेतही तपासण्या होत होत्या. बोटाला टोचून रक्त घेतलं, पुढं मोठ्या दवाखान्यात पक्कं झालं. सिकलसेल. डॉक्टरांनी देवरावांना बसवून समजावलं आणि त्यांनी मला बरोबर नेलं होतं म्हणून मीही ऐकलं. हा रक्तातला दोष असतो. आईकडून एक आणि बापाकडून एक असा येतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला तर आजार. प्रतिमाला दोघांकडून आला होता. गोळ्या रोज घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, ऊब धरायची, ताप आला की थांबायचं नाही. बरं होणं त्यात नव्हतं, नीट जगणं होतं.

देवरावांना "बरं होनार नाई" हे वाक्य कधीच गिळता आलं नाही. पोरीला त्यांनी या बाबाकडे नेलं, त्या बाबाकडे नेलं, सिरोंच्याच्या पलीकडे गोदावरी ओलांडून तेलंगणातही कुठं कुठं नेलं. प्रतिमा मात्र गोळ्या चुकवत नव्हती. दुखायला लागलं की शेकाला माझ्याकडे यायची. शेकता शेकता शाळेचं, कॉलेजचं सांगायची. पोरगी हुशार आणि तोंडाची तिखट.

तिचं शिक्षण संपत आलं तेव्हा नदीपल्याडून स्थळ आलं. मुलाचं नाव मंगेश, घरची शेती, स्वतः मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याची आई कौसल्याबाई मला चांगली ओळखत होती. गुडघ्यांसाठी सालईचं तेल ती दर यात्रेला माझ्याकडूनच न्यायची. आणि तिनं निरोप धाडला होता, मुलीबद्दल शेवंताबाईंना विचारू, त्या खोटं सांगणार नाहीत.

शेवंताबाई म्हणजे मी.

देवराव त्या दिवशी माझ्या ओसरीवर आले आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी फक्त एवढंच सांगजा. पोरीले लहानपनी वात होता, तुमच्या औषधीनं गेला."

"भाऊ, तो गेला नाई."

"मले मायीत नाई का? पन लग्न झालं की सासरचे सांभाळून घेते. आधी सांगतलं तर कोन करन? तुमी सांगा, कोन करन?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बाप म्हणून ते चुकीचं मागत होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही ठामपणे म्हणता येत नाही. पण माझ्या एका शब्दावर एक घर विश्वास टाकणार होतं, आणि पुढं जी लेकरं जन्माला येतील त्यांनी मला काहीच विचारलेलं नव्हतं.

मी प्रतिमाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच भडकली.

"माया मांगं तुमी दोघं काऊन ठरवून राह्यले? लग्न मायं आहे का तुमचं?"

"म्हनूनच तुले इचारून राह्यली ना वो."

ती नखानं चटईचं पान सोलत राहिली. "मंगेशचा फोन येते," ती म्हणाली. "चांगला आहे तो. हसवते. मले पन वाटते का होऊन जावं." आणि मग, "मीच सांगीन. पन तुमी तिथी बसा. तुमी बसल्या तर मी अर्ध्यात पयनार नाई."

पाहुणे आले तेव्हा देवरावांच्या घरी अंगण सारवलेलं, आतून पोह्यांचा वास. मंगेश, त्याचे वडील, कौसल्याबाई. मी भिंतीला टेकून बसले. चहा झाला. कौसल्याबाईनं बशी खाली ठेवली आणि थेट माझ्याकडे वळून विचारलं, "शेवंताबाई, तुमी सांगा. पोरीच्या तब्येतीचं काई?"

देवराव माझ्याकडे बघत होते. ते बघणं मी विसरले नाही.

"पोरगी समोर बसली आहे बाई," मी म्हटलं. "तिलेच इचारा."

प्रतिमानं पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. अर्ध्यात थांबली नाही. सिकलसेल म्हणजे काय, तिला कधीपासून आहे, गोळ्या कोणत्या, किती वेळा दवाखान्यात राहावं लागलं. "मी घरचं सगळं करू शकतो," ती म्हणाली, आमच्याकडे मुलीही कधी कधी असंच बोलतात, "पन रोवनीले पान्यात उतरू शकत नाई. अन् लगन करायच्या आधी मंगेशनं रक्त तपासावं, असं डॉक्टर सांगते."

देवराव उठून आत गेले. मंगेशचे वडील छपराकडे बघत होते. मला वाटलं आता चपला घालतील आणि निघतील.

कौसल्याबाई हलली नाही. तिनं प्रतिमाला विचारलं, "लहानपनी तुये हाताचे बोटं सुजत होते का?"

"हो. आई सांगते, पाळन्यात होतो तवा."

"अन् पोट मोठं? डोये पिवळे?"

"हो."

कौसल्याबाई उठली आणि मागच्या दारानं परसातल्या वाडीत गेली. मी तिच्यामागं गेले. ती शेवग्याला हात टेकून उभी होती.

"मंगेशच्या आधी एक होता," ती म्हणाली. "सुधाकर. त्याचे बोटं अशेच सुजत. कोयत्याच्या मुठीवानी. रात अन् दिस रडे. चालाले लागला अन् गेला."

मग तिनं बाकीचं सांगितलं. एका जाणत्यानं तेव्हा सांगितलं होतं, घरातल्याच बाईनं करणी केली. घरात दुसरी बाई एकच, तिची जाऊ जनाबाई. दोघी एकाच आवारात राहत, एकाच चुलीवर रांधत. पोराच्या तेराव्यानंतर आवारात मधोमध भिंत घातली गेली. जनाबाईला गावात लोक टाळू लागले. हळदीकुंकवाला कोणी बोलवेना, बाळंतिणीच्या खोलीत कोणी येऊ देईना. आणि ही गोष्ट पसरवली होती कौसल्याबाईनं स्वतः.

"मी तिच्या तोंडावर थुकली होती बाई," ती म्हणाली.

मी एवढंच म्हटलं, "आधी तपासून घ्या. तिघंही."

तपासणी झाली. मंगेशला एकाकडून आलेला होता, म्हणजे तो धडधाकट, पण रक्तात दोष. त्याच्या आईवडिलांनाही तसाच, दोघांनाही. डॉक्टरांनी सांगितलं की प्रतिमा आणि मंगेशचं लग्न झालं तर दर लेकराला आजाराचा धोका अर्धाअर्धा. ठरवायचं त्या दोघांनी. मंगेश मोटारसायकलवर नदी ओलांडून आला. दोघं देवरावांच्या अंगणातल्या सावलीच्या मांडवाखाली पुष्कळ वेळ बोलत बसले. आम्ही मोठी माणसं आतबाहेर करत होतो, उगाच. शेवटी तो उठला, देवरावांच्या पाया पडला आणि गेला. प्रतिमा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नाई करत आमी." त्या दिवशी ती माझ्याकडे शेकाला आली, दुखत काहीच नव्हतं तरी.

देवरावांनी माझ्याशी बोलणं सोडलं. समोरून आले की वाट बदलायचे. खोकल्याचं औषधही पोंभुर्ण्याहून आणायचे. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. आता जोहार घालतात, थांबत नाहीत. प्रतिमा तालुक्याला एका ऑनलाइन सेवा केंद्रात काम करते, दाखले काढून देते. दुसरं एक स्थळ आलंय. या वेळी मुलानं रक्त आधी तपासलं आणि मग तो बघायला आला. त्याच्यात दोष नाही. तिनं अजून होकार दिलेला नाही, विचार करून राह्यलो म्हणते.

तपासणीनंतर काही दिवसांनी कौसल्याबाईचा फोन आला. "शेवंताबाई, मले जनाकडे जायचं आहे. एकटीनं होत नाई. तुमी याल का?"

मी गेले. भिंत मी पहिल्यांदाच बघितली, छातीएवढी, मातीची, वर कौलांचे तुकडे लावलेले. भिंतीच्या या बाजूला राहणारी कौसल्याबाई पलीकडे जायला गावाच्या रस्त्यानं वळसा घालून गेली. तिला दुसरी वाटच राहिली नव्हती. जनाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. बारीक, उन्हानं रापलेली बाई. तिनं जावेला बघितलं आणि सूप खाली ठेवलं नाही.

कौसल्याबाई अंगणाच्या कडेलाच उभी राहिली. म्हणून मी सांगितलं. रक्तातला दोष, आईकडून एक, बापाकडून एक, सुधाकर कशानं गेला असावा, तपासणीत काय निघालं. जनाबाई पाखडत राहिली. माझं संपल्यावर तिनं सूप थांबवलं.

"मले मायीत होतं का मी काई केलं नाई," ती म्हणाली. "तुलेच मायीत नोतं."

कौसल्याबाई तिच्या पायाशी वाकली. जनाबाईनं पाय मागं घेतले. "राहू दे. आता काऊन?" असं म्हणून ती आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल. मी कौसल्याबाईला उठवायला हात दिला.

तेवढ्यात जनाबाई परत आली. कडेवर वर्षभराची नात होती, मुलाची मुलगी. लेकरू किरकिर करत होतं. जनाबाईनं मला विचारलं, जावेला नाही, "बाई, तुमी औषधवाल्या ना? हिचे बोटं पाहा. पंधरवड्यापासून अशेच आहेत. तिची माय शेतात गेली, तेल लावून लावून मी थकली."

इवलीशी बोटं, फुगलेली, ताणलेली. मी पापणी खाली ओढून डोळे बघितले, पिवळट होते. सख्ख्या भावांच्या घरातलं रक्त. कौसल्याबाई ते हात बघत एक पाऊल पुढं आली.

माझ्या पिशवीत निरगुडी होती, तेल होतं. मी पिशवीला हात लावला नाही. म्हटलं, "हे माया कामाचं नाई. आता, याच पायी, दवाखाना."

"आता कोन नेते? पोरगा गडचिरोलीले गेला आहे."

कौसल्याबाई रस्त्याकडे धावली. एवढ्या वर्षांच्या गुडघेदुखीची बाई, मी तिला कधी असं धावताना पाहिलं नव्हतं. नाक्यावरचा ऑटो घेऊन आली. आम्ही तिघी मागं बसलो, मधे जनाबाई, मांडीवर लेकरू. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला पोर कळवळायची.

बऱ्याच वेळानं कौसल्याबाईनं विचारलं, "वारं लागून राह्यलं तिले. इकडं देते का?"

जनाबाईनं तिच्याकडे न बघता लेकरू उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. कौसल्याबाईनं आपला पदर त्याच्याभोवती दोनदा गुंडाळला, आणि दवाखाना येईपर्यंत तो तसाच घट्ट धरून ठेवला.